बाबांचा मांजरपाय

२ मार्च

आज दादाचं लग्न झालं. छप्पन्नाव्या वर्षी माणसाला चष्म्याचा नंबर बदलावासा वाटतो, याला बायको करावीशी वाटली. कचेरीत सह्या केल्या, समोरच्या दुकानात कॉफी घेतली आणि घरी आलो. साक्षीदार म्हणून एक सही माझी होती. पेन उमटेना म्हणून दोनदा गिरवावी लागली. तिथले साहेब म्हणाले, "ताई, जरा जोर द्या." जोर कुठून देणार!

वहिनी बावन्न वर्षांच्या आहेत. शाळेत गणित शिकवायच्या. पहिले यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. दादा म्हणतो, त्या आमच्याकडे रोपं घ्यायला यायच्या, तिथेच ओळख झाली. आमची रोपवाटिका केवढी, फाटकापासून काचघरापर्यंत हाक पोचते. मला त्या कधी दिसल्या नाहीत, हे नवलच आहे.

सामान म्हणजे दोन बॅगा आणि एक लाकडी ट्रे. ट्रेमध्ये काय असावं? मांजरपाय! शिंप्याच्या घरी सुई घेऊन जावं तसं झालं हे. मांजरपाय म्हणजे आमचं घराण्याचं झाड. बोटभर उंची, जमिनीला धरून पसरणारी राखाडी पानांची गादी, आणि मे महिन्यात बारीक देठांवर येणारे मऊ, गोल झुपके, थेट मांजराच्या पंजासारखे. डेझीच्या कुळातलं असूनही पाकळ्यांचा तोरा नाही. बाबांनी तरुणपणी डोंगरावरून एक तुकडा आणला आणि फाटकाजवळच्या दगडी कट्ट्यावर लावला. आजवर आम्ही विकला तो प्रत्येक मांजरपाय त्याच एका तुकड्याची वाटणी आहे. याला बी धरत नाही, वाटूनच वाढवायचा, हे बाबांचं वाक्य.

बाबा गेल्यापासून काचघर आणि हिशोब दादाकडे, मांजरपाय माझ्याकडे. गावातले लोक मला मांजरपायवाल्या ताई म्हणतात. दुसरी ओळख मी करून घेतली नाही, तशी गरजही पडली नाही.

वहिनींचे मांजरपाय मी नीट बघून घेतले. आमची पानं चमच्यासारखी, टोकाला गोल. त्यांची बारीक आणि टोकदार. चांगली आहेत, पण आमच्यासारखी नाहीत.

३ मार्च

दादा सकाळी चहाला खाली आला नाही. सवयीने दोन कप ठेवले होते. दोन्ही मीच प्यायले. पित्त झालं.

१५ मार्च

वहिनी मला 'वन्सं' म्हणतात. नवऱ्याच्या बहिणीला असं म्हणणारी बाई मी आता फक्त जुन्या नाटकात ऐकली असती. पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मला वाटलं चेष्टा करतायत. आता वाटतं की चेष्टाही करतायत आणि म्हणायलाही आवडतंय. "वन्सं, मीठ देता? वन्सं, तुमचं खुरपं घेऊ?" दादा हसतो. हा माणूस इतकं हसतो हे मला माहीत नव्हतं. माझ्याबरोबर एवढी वर्षं राहिला, मी काय कमी विनोद केले?

पाट्यांवरची झाडांची नावं पुसट झाली होती, ती वहिनींनी नव्याने लिहून काढली. अक्षर फळ्यावरच्यासारखं, मोठं आणि सरळ. गिऱ्हाईक म्हणालं, "वा, आता वाचता तरी येतं!" म्हणजे इतकी वर्षं मी लिहिलेलं कोणी वाचतच नव्हतं.

मला मत्सर वाटतो असं कोणी म्हणेल. म्हणू दे. वाटतोच. दात दुखतो तसा वाटतो, एका बाजूने, आणि जीभ तिथेच जाते.

२ एप्रिल

वाईट बातमी आहे आणि ती फक्त मला माहीत आहे. कट्ट्यावरच्या गादीच्या मधोमध तव्याएवढा काळा डाग पडला आहे. बोट लावलं तर पानं हातात येतात, मुळं कुजलेली. वर राखाडी बुरशी.

सगळा काळा भाग खरवडून काढला, बारीक वाळू भरली आणि समोर दोन मोठ्या कुंड्या आणून ठेवल्या. फाटकातून आत येणाऱ्याला काही दिसत नाही. दादाला सांगणार नाही. सांगितलं की तो वहिनींना सांगणार, आणि मग त्या येऊन सरळ अक्षरात माझं कुठे चुकलं ते मांडून दाखवणार.

१० एप्रिल

विक्रीच्या ट्रेमध्येही तेच सुरू झालं आहे. वेगळ्या जागा, वेगळी माती, पाणी वेगळं, तरी एकामागून एक बसतायत. रडायला आलं. सगळे एकाच अंगाचे तुकडे, एकाला झालं की सगळ्यांना व्हायचंच. हे गेले तर मी इथे कोण? दादाच्या घरातली मागच्या खोलीत राहणारी बहीण. त्यापलीकडे काही नाही.

आणि आजच वहिनींना सुचलं. जेवताना, दादासमोर, उकडलेला बटाटा सोलता सोलता म्हणाल्या, "वन्सं, तुमच्याकडे याला कधीच बी धरलं नाही का हो? एकदासुद्धा?"

एकोणपन्नास वर्षांच्या, लग्न न झालेल्या बाईला हे असं विचारायचं असतं? झाडाच्या नावाखाली बोलून घेतलं. मी म्हटलं, "नाही हो. आमच्याकडे सगळं नुसतं हिरवंच. बी-बिया तुमच्याकडे."

"माझ्याकडेही नाही," वहिनी म्हणाल्या. "कापूस येतो, पण आत काही नसतं. पोकळ."

दादाने पाण्याचा ग्लास उचलला आणि उगाच बराच वेळ पीत राहिला. वहिनींना मूलबाळ नाही हे मला नंतर आठवलं. पण सुरुवात त्यांनी केली होती.

१९ एप्रिल

चोरी पकडली. पुढच्या खिडकीतून पाहिलं. वहिनी कट्ट्याशी वाकल्या, माझ्या दोन कुंड्या बाजूला सारल्या, बराच वेळ बघत राहिल्या. मग माझंच खुरपं घेऊन कडेचा एक हिरवा, धडधाकट तुकडा काढला आणि अॅप्रनच्या खिशात टाकला. कुंड्या होत्या तशा परत लावल्या. एवढी सफाई शाळेत शिकवतात वाटतं.

संध्याकाळी त्यांच्या लाकडी ट्रेच्या कोपऱ्यात तो तुकडा दिसला. वेगळ्या खोलगट कुंडीत, नुसत्या खडीत लावलेला, आजूबाजूच्या कशालाही न टेकता. बाबांचा मांजरपाय तिच्या ट्रेमध्ये! उद्या म्हणेल माझ्या माहेरचा आहे.

हे 'तिच्या' मी मुद्दाम खोडलेलं नाही. रागात आदर सुटतो.

४ मे

फुलं आली. वहिनींची गुलाबी, आमची पांढरी. दादा म्हणाला, "ठमे, बघ तरी, काय रंग आहे!" मला लहानपणापासून ठमी म्हणतो, नाव ठेवायला त्याला कधी अडचण पडली नाही. मी म्हटलं, "पांढऱ्याला कोण विचारतो आता."

सकाळी बाहेर येऊन बघते तर वहिनींचा ट्रे कट्ट्यावर, बाबांच्या गादीला चिकटून. मी तो उचलून परत काचघराशी ठेवला. दुपारी पुन्हा कट्ट्यावर. तेव्हा मी विचारलंच.

"ही जागा कशाला हवी तुम्हाला?"

"इथे माश्या येतात ना, वन्सं. बारक्या बारक्या. त्यांनी इकडून तिकडे जायला हवं."

"माश्या हव्यात तुम्हाला?"

"हव्यात की. म्हणजे बघा, साधं गणित आहे. तुमचे सगळे एकाच—"

"गणित मला शाळेतही जमलं नाही," असं म्हणून मी आत निघून आले. मागून दादाची हाक ऐकू आली, "अगं, ऐकून तर घे!" नाही ऐकलं. ट्रे मात्र तिथेच राहू दिला. दादासमोर पुन्हा उचलायचा धीर झाला नाही.

२१ मे

गादी अर्ध्याहून जास्त गेली. कुंड्या आता चार झाल्यात. दादा म्हणाला, "बाबांच्या झाडाला काय होतंय का गं?" मी म्हटलं, "ऊन लागलंय." त्याने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी आपल्या चहाच्या कपात पाहिलं. दोघांचं असं न बोलता बोलणं सुरू झालं की मला वाटतं आपण परक्याच्या घरी पाहुणे आहोत आणि निघायची वेळ टळून गेली आहे.

वहिनींच्या झाडांना काही झालेलं नाही. चोरलेला तुकडाही मजेत आहे, नवी पानं फुटलीत. तिच्या हाताला लागलं की जगतं, माझ्या हाताला लागलं की जातं. हे बाबांना काय सांगू?

३ जून

दादा आणि वहिनी वहिनींच्या भावाकडे गेलेत, परवा येतील. घर शांत आहे. बऱ्याच दिवसांनी चहा बिघडला नाही.

नंतर कट्ट्याशी गेले. वहिनींच्या ट्रेमधल्या फुलांवर, एकूण एक फुलावर, पांढरी बुरशी! गुलाबी रंग गेला, प्रत्येक डोकं फुगून कापसासारखं झालेलं, मऊ, ओलसर. दोन दिवस हवा कुंद होती, आणि आली. आमची फुलं बघितली. ती नेहमीसारखी सुकून तपकिरी झालीत. इतकी वर्षं बघतेय, मांजरपायाची फुलं सुकली की तपकिरी होतात आणि गळतात. सुकल्यावर अशी फुगून पांढरी कधी होत नाहीत.

मग सगळा उलगडा झाला. रोग कुठून आला? मार्चमध्ये ती आली, एप्रिलमध्ये डाग पडला. आमच्या घरात एवढी वर्षं काही नव्हतं. ट्रेमधून घेऊन आली आणि वर गादीला नेऊन चिकटवला.

मी कात्री आणली. एकही डोकं ठेवलं नाही. हाताला तो कापूस चिकटत होता, नाकात जात होता, शिंका येत होत्या, तरी थांबले नाही. खोटं कशाला लिहू, बरं वाटत होतं. प्रत्येक कच्च आवाजाला बरं वाटत होतं. सगळं घमेल्यात भरून मागे नेलं आणि चाळून उरलेल्या खडीच्या ढिगावर ओतलं. जाळणार होते, पण काडी लावायला आणि पाऊस शिंपडायला एकच गाठ पडली. ओलं जळेना. राहू दिलं.

बाबांचा तुकडा परत घेतला. चोरीचा माल मालकाकडे. कट्ट्यावर जिथे अजून हिरवं आहे तिथे, त्याच्या भावंडांत नेऊन लावला. आता तरी झाड एकत्र आहे.

५ जून

दोघं आले. वहिनी बॅग दारात ठेवून आधी कट्ट्याकडे गेल्या. मी काचघरात पाट्या पुसत होते, पुसलेल्याच पुन्हा. त्यांनी नुसत्या देठांवरून बोट फिरवलं. कोपऱ्यातली रिकामी कुंडी उचलून पाहिली. मग गादीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

दादा म्हणाला, "हे काय झालं?"

"वाऱ्याने नेलं असेल," वहिनी म्हणाल्या.

सुटले. गणित शिकवणाऱ्या बाईला एवढं कळू नये याचं हसूही आलं.

पण नंतर नळावर हात धूत होते तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचा आवाज आला. रडत होत्या. "भरलेलं होतं रे. जायच्या आधी मी एक चिमटून पाहिलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा टणक लागलं बोटाला. आणखी दोन दिवसांत उडालं असतं, म्हणून आल्यावर जमवणार होते. तिला तोवर सांगायचं नाही म्हटलं, उगवलं नाही तर आणखी एक दुःख नको तिला."

नळ तसाच चालू राहिला. कोणाला सांगायचं नव्हतं ते कळलं. बाकीचं कळलं नाही.

६ जून

दादा सकाळी माझ्याकडे आला. चहा त्यानेच केला, पाणचट. कुंड्या भरायच्या बाकावर बसला आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागला.

"ठमे, बाबांनी एकच तुकडा आणला होता ना?"

"एकच."

"या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. तो तुकडा नराचा होता. म्हणून आपले सगळे नर. शंभर कर, हजार कर, सगळे तेच. त्यांना बी कसं धरेल? हिच्या सगळ्या माद्या. कापूस यायचा, आत पोकळ. दोघं पहिल्यांदा शेजारी आले ते या मे महिन्यात."

मी खुरप्याला चिकटलेली माती नखाने काढत बसले.

"बाबांचं झाड चाललंय हे हिला एप्रिलमध्येच कळलं. मलाही. तू कुंड्या लावत होतीस, आम्ही बघत होतो. ही म्हणाली, जुनं वाचत नसेल तर त्याची पोरं तरी राहू देत, ती सगळी निरनिराळी असतात, एखादं तरी टिकेल. आणि एक चांगला तुकडा कोरड्या खडीत वेगळा काढून ठेवला होता. तोही कोणीतरी नेला. कोणी नेला कोण जाणे." चहा संपवला, कप पालथा घातला. "गिऱ्हाइकांपैकी असेल कोणी."

तो गेल्यावर मी धावत कट्ट्याकडे गेले. तुकडा उपटला, मुळं धुतली, खडीत लावला. मुळांना काळी कड दिसत होती. मी ती दिसली नाही असं धरून चालले.

पांढरं म्हणजे बुरशी. माझ्या आयुष्यात मांजरपायाचा कापूस मी पाहिलाच नव्हता. लहान पोरांना वाऱ्यावर उडणाऱ्या म्हाताऱ्या कळतात, मला कळली नाही.

११ जून

तुकडा गेला.

१४ जून

खडीच्या ढिगाला पाणी घालते आहे. रोज सकाळी, झारीची चाळणी लावून, हलक्या हाताने. दिसत काहीच नाही, पावसाने सगळं खडीत बसलं. दादाने पाहिलं. म्हणाला, "खडीला पालवी फुटणार आहे का यंदा?" मी म्हटलं, "धूळ उडते." म्हणाला, "हो का? मग घाल, घाल."

वहिनी माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलतात. वन्सं मीठ, वन्सं खुरपं. हे जास्त लागतं. भांडल्या असत्या तर मी दोन शब्द बोलले असते, एखादा तरी बरोबर निघाला असता.

सांगायला हवं. रोज सकाळी ठरवते आणि रोज त्यांचा चेहरा बघितला की वाटतं, सांगितलं की दादा पूर्ण त्यांचा झाला. आता थोडा तरी माझा आहे. हे लिहिताना लाज वाटते आहे, पण ही वही माझी आहे, इथे नाही तर कुठे लिहू?

२२ जून

कोणीतरी जुनी पाखरांची जाळी खडीच्या ढिगावर आणून टाकली आहे. या घरात आता कोणतीही वस्तू जागेवर नसते. काढून ठेवणार होते, पण चारी कडांना दगड नीट लावलेत, राहू दिली. चिमण्या तिथे खडी उकरायच्या, त्या तरी येणार नाहीत. पाणी जाळीतूनही जातं.

१ जुलै

ढिगावर हिरवे ठिपके दिसले. मोहरीएवढे. तण असणार. खडीवर काय काय उगवतं. उपटणार होते, हात गेला नाही.

भिंग आणलं. पोटावर आडवी पडून पाहिलं, वयाला न शोभेलसं. दोन दोन इवली पानं. यावरून काही सांगता येत नाही. गुडघे आणि कोपर खरचटले. वहिनी वरच्या खिडकीत कपडे वाळत घालत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. बराच वेळ एकच टॉवेल झटकत होत्या.

९ जुलै

बाबांची गादी आज काढली. हिरवं काहीच उरलं नव्हतं. दादाने फावडं धरलं, मी घमेलं. खाली दगड लागले, बाबांनी स्वतः बसवलेले, त्यांच्या बोटांच्या जागा असाव्यात अशा फटी ठेवून. इतक्या वर्षांत ते मला दिसले नव्हते. दादा जाळायला घेऊन गेला आणि मी त्या रिकाम्या कट्ट्यावर बसून रडले. जोरात, नाक गळेपर्यंत.

पाठीवर हात आला. वहिनींचा. मला तो नको होता. झटकावा असं वाटलं. पण त्यांनी थोपटलं नाही, नुसता हात ठेवला, आणि माझी पाठ काही हलली नाही.

मी म्हटलं, "वहिनी, तुमची फुलं—"

"वारा," त्या म्हणाल्या. "पण तुमच्याकडचा वारा कापतो फार नीट हो, वन्सं. एका उंचीवर, एक देठ म्हणून वाकडा नाही."

मी मान वर केली नाही. म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दादासमोर वाऱ्यावर घातलं ते मला झाकायला. मला राग आला. खरंच आला. माझ्यावर उपकार करायला यांना कोणी सांगितलं होतं? आणि मग राग टिकेना. रडतारडता राग धरून ठेवणं फार अवघड असतं.

"मला वाटलं बुरशी आहे," मी म्हटलं. "पण नुसतं तेवढंच नव्हतं."

"ते कळलं मला," वहिनी म्हणाल्या. "मीही तुमच्या जागी असते तर कात्री शोधली असती. नाक पुसा आधी."

रुमाल त्यांचा होता. धुऊन परत द्यायचा आहे.

१८ जुलै

सकाळी ढिगाशी गेले तर वहिनी आधीच तिथे, दगड बाजूला करून जाळी गुंडाळत होत्या. म्हणजे जाळी त्यांची. एवढ्या दिवसांत माझ्या लक्षात कसं आलं नाही? मला काय काय दिसत नाही याची यादी करायला बसले तर वही पुरायची नाही.

"या," त्या म्हणाल्या. "भिंग आणलंत?"

दोघी पोटावर आडव्या पडलो. त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट आहेत, बसताना आईगं केलं आणि उठताना माझ्याच खांद्याचा आधार घेतला. ठिपक्यांना आता तिसरं, चौथं पान आलं होतं, आणि पानांवर लव. पांढरी, बारीक, पालथ्या बाजूने राखाडी. दुसरं काही असणं शक्य नाही. मांजरपाय. ओंजळभर मांजरपाय, वेडेवाकडे, खडीत जागा मिळेल तिथे. बाबांच्या गेलेल्या झाडाचे, आणि त्या लाकडी ट्रेमधल्या झाडांचे. ज्या ढिगावर मी जाळायला टाकलं होतं तिथे.

वहिनी आणखी जवळ सरकल्या. माझ्या खांद्याला खांदा लावून, भिंग डोळ्याला तसंच ठेवून म्हणाल्या, "काय वन्सं. आत्या झालात की हो."

मला एवढ्या वर्षांत कोणी आत्या म्हटलं नव्हतं. दादाचं लग्न झालं तेव्हा तो हिशोब मी मनातल्या मनात मिटवून टाकला होता, या वयात कसली आत्या. आणि त्याही क्षणी, खरं लिहिते, पहिला विचार आला तो असा की आई कोण हे यांनी न सांगता ठरवून टाकलं. पण दुसरा विचार आला नाही. हसू आलं. दोघी खडीवर पडून हसत होतो तेव्हा दादा घमेलं घेऊन आला आणि म्हणाला, "घसरलात का दोघी?"

५ ऑगस्ट

पोरं कुंड्यांत हलवली. खुरपं माझं, हात दोघींचे. काही दगावली, बरीच लागली. कट्ट्यावर अजून काही लावायचं नाही असं ठरलंय, तिथली माती आधी बदलायची. ठरलं म्हणजे वहिनींनी म्हटलं आणि मी हो म्हटलं. दोनदा विचारून मग हो म्हटलं.

पाट्या वहिनींनी लिहिल्या. एकेकावर नंबर घालत होत्या. मी म्हटलं, नंबर नको, पोरं आहेत ती, शाळा नाही. तेव्हा नुसतं 'मांजरपाय' लिहिलं, आणि खाली बारीक अक्षरात 'आत्याकडे'. गिऱ्हाइकाला काय समजायचं ते समजू दे.

चहाला आता तीन कप असतात. तिसरा मला अजून जरा टोचतो, पण टेबलावर मावतो.

दादा सगळ्या कुंड्या बघून म्हणाला, "हिच्यावर गेलीत. फूल येईल ना, गुलाबीच येणार बघ." वहिनी लगेच लाजल्यासारख्या हसल्या. एवढं हसायचं काही कारण नव्हतं.

दोघं आत गेल्यावर मी भिंग घेऊन एकेक कुंडी पाहिली. फुलाचं फुलाच्या वेळी बघू. पण पानं टोकाला गोल आहेत, चमच्यासारखी, सगळी नाहीत पण निम्मी तरी. ती आमच्या बाबांवर गेली आहेत. उद्या सकाळी चहाला दोघांनाही दाखवणार आहे.